कुलूपबंद मोबाइल फोन आणि ग्राहकाचे नेटवर्क-स्वातंत्र्य

किंमत चुकती केली की वस्तू घेणाऱ्याची झाली, तिचा उपयोग कोठे व कसा करावयाचा हे विकणाऱ्याने पाहावयाचे कारण नाही, ही समजूत बाजारव्यवहारात इतकी रुळलेली आहे की ती बोलून दाखविण्याचीही कोणास गरज वाटत नाही. मोबाइल फोनच्या बाबतीत मात्र ती अनेक देशांत आणि अनेक वर्षे खोटी ठरत आली. फोन घेणाऱ्याच्या खिशात, त्याची पावती घेणाऱ्याच्या नावावर. आणि तरीही तो कोणत्या कंपनीच्या सेवेवर चालावा हे ठरविण्याचा अधिकार विकणाऱ्या दूरसंचार कंपनीकडे, अशी ही स्थिती होय. तिचे समर्थन बहुधा हप्त्यांच्या वसुलीचे कारण पुढे करून केले जाते. ते कारण कितपत टिकते आणि वसुली पुरी झाल्यावरही कुलूप का राहते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हे कुलूप म्हणजे नेमके काय, ते आधी पाहिले पाहिजे. युरोपात जी.एस.एम. नावाची मोबाइल पद्धती आखली गेली तेव्हा तिच्या रचनाकारांनी एक दूरदर्शी निर्णय घेतला. ग्राहकाची ओळख फोनच्या यंत्रात न ठेवता ती एका सुट्या कार्डात ठेवावयाची, म्हणजे कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की ग्राहकही त्याबरोबर तेथे जाईल. हेच सिम कार्ड होय. अशी पहिली कार्डे १९९१ साली फिनलंडमधील रेडिओलिंजा ह्या कंपनीला पुरविण्यात आली. प्रत्येक कार्डात ग्राहकाचा एक क्रमांक असतो, तो बहुधा १५ अंकी. त्यातील पहिले तीन अंक देशाचे (भारताला ४०४ व ४०५ हे अंक मिळालेले आहेत) आणि पुढचे दोन किंवा तीन अंक कंपनीचे. कुलूपबंद फोन सुरू होताना कार्डातील हे सुरुवातीचे अंक वाचतो आणि स्वतःच्या स्मृतीत नोंदविलेल्या अंकांशी ताडून पाहतो. ते जुळले नाहीत तर फोन उलगडणीचा संकेतांक मागतो आणि तो मिळेपर्यंत त्या कार्डावर नित्याची सेवा घेऊ देत नाही. ठरावीक वेळा चुकीचा संकेतांक दिला तर पुढे तो स्वीकारण्याचेही नाकारतो. अलीकडच्या काही स्मार्टफोनांत संकेतांकाची ही पद्धत नाही. तेथे कोणता फोन मोकळा आणि कोणता बांधलेला ह्याची नोंद उत्पादकाच्या दप्तरी असते आणि फोन ती तेथून तपासून घेतो. तंत्र कोणतेही असो, त्यामागे अभियांत्रिकीची गरज नाही. सिम कार्डाने जी दोन अंगे बुद्ध्या वेगळी केली होती, ती पुन्हा एकत्र बांधण्यासाठी हे कुलूप बाहेरून घातलेले आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. कुलूप काढलेला प्रत्येक फोन प्रत्येक कंपनीच्या नेटवर्कवर चालेलच असे नाही. अमेरिकेत दीर्घकाळ दोन कंपन्या जी.एस.एम. पद्धतीच्या आणि दोन सी.डी.एम.ए. पद्धतीच्या होत्या. एका पद्धतीचा फोन दुसरीकडे नेण्यात अर्थ नव्हता, मग त्याला कुलूप असो वा नसो. तांत्रिक अडचण आणि लादलेली अडचण ह्यांची ही सरमिसळ कंपन्यांना सोयीची होती. चौथ्या पिढीची पद्धत सर्वत्र एकच झाल्यावर पहिली अडचण पुष्कळ अंशी मावळली आणि दुसरी उघडी पडली.

आता समर्थनाकडे वळावयाचे. महाग फोन कंपनी कमी किमतीत देते, उरलेली रक्कम दोन वर्षांच्या मासिक आकारातून वसूल करते आणि मधल्या काळात ग्राहक निघून जाऊ नये म्हणून कुलूप घालते, असे सांगण्यात येते. ह्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. कुलूप नसेल तर स्वस्तात फोन घेऊन ते घाऊक प्रमाणात परदेशी विकण्याचा धंदा सुरू होतो. ट्रॅकफोन ह्या अमेरिकन कंपनीने असा धंदा करणाऱ्यांविरुद्ध अनेक दावे लावले, आणि प्रीपेड फोन नाममात्र किमतीत विकणाऱ्या कंपनीची ती चिंता खोटी नव्हती. पण ज्या ग्राहकाने दोन वर्षांच्या करारावर सही केली आहे त्याची स्थिती निराळी. करार मधेच मोडला तर त्याला दंड भरावा लागतो, आणि उरलेली वसुली भरून काढणे हेच तर त्या दंडाचे प्रयोजन. म्हणजे त्याच एका ऋणासाठी दोन तारणे घेतली गेली. सावकाराने दागिना गहाण ठेवून घ्यावा आणि शिवाय ऋणकोने दुसऱ्या पेढीची पायरी चढू नये अशी अट घालावी, तसा हा प्रकार आहे.

कुलुपाची किंमत बाजारात सहसा दिसत नाही, कारण कुलूपबंद आणि मोकळा असा एकच फोन शेजारी शेजारी क्वचितच विकला जातो. जर्मनीत मात्र एकदा तसे घडले. नोव्हेंबर २००७ मध्ये तेथे आयफोन विक्रीस आला, तो टी-मोबाइल ह्या एकाच कंपनीकडे, २४ महिन्यांच्या करारासह आणि कुलूप घालून. किंमत ३९९ युरो. प्रतिस्पर्धी व्होडाफोनने हॅम्बुर्गच्या न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. तेव्हा टी-मोबाइलने करार आणि कुलूप दोन्ही नसलेला तोच फोन ९९९ युरोंना विकावयास काढला. डिसेंबरच्या प्रारंभी हुकूम उठला आणि ती विक्री थांबली. दोन किमतींतील अंतर ६०० युरो. २४ महिन्यांवर पसरल्यास महिन्याला २५ युरो. ९९९ ही किंमत प्रतिस्पर्धेतून ठरलेली नव्हती, कंपनीने आपल्या मनाने ठेवलेली होती, हे विसरता कामा नये. तरीही एरवी मासिक आकारात मुरून जाणारी बाब एवढी उघड क्वचितच झालेली आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. करार पुरा करणाऱ्यास फोन विनामूल्य मोकळा करून देण्याची तयारी टी-मोबाइलने त्या वेळी दाखविली होती. वसुली हाच कुलुपाचा हेतू असेल, तर त्याची मर्यादाही हीच असावयास हवी.

ती मर्यादा अन्यत्र का पाळली गेली नाही, ह्याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. पॉल क्लेम्पेरर ह्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत बदलाच्या खर्चाचा, म्हणजे एक विक्रेता सोडून दुसऱ्याकडे जाताना ग्राहकाला सोसाव्या लागणाऱ्या खर्चाचा, पद्धतशीर विचार मांडला. ज्या बाजारात हा खर्च मोठा असतो तेथे विक्रेते नवा ग्राहक मिळविण्यासाठी आरंभी चुरस करतात, प्रसंगी तोटाही सोसतात. आणि ग्राहक एकदा बांधला गेला की त्याच्याकडून अधिक दर घेतात. आरंभीची सवलत नंतरच्या वाढीव दराची बरोबरी करीलच अशी शाश्वती नसते. स्वस्त फोन हा ह्या दृष्टीने उपकार नव्हे, तो नंतरच्या उत्पन्नासाठी केलेला खर्च आहे. मग करार संपला तरी कुलूप काढण्याची घाई कंपनीला का नसते, हे सहज समजते. अल्बर्ट हर्शमन ह्यांनी १९७० साली दाखविले की ग्राहकापाशी दोन उपाय असतात, निघून जाणे आणि तक्रार करणे; आणि निघून जाण्याची शक्यता असते तेव्हाच तक्रारीला वजन येते. ज्याचा फोन दुसरीकडे चालणारच नाही त्याची तक्रार कंपनीने निवांतपणे ऐकली तर नवल नाही.

मोबाइल ग्राहकाला बांधणारे धागे तीन: करार, नंबर आणि फोन. नंबराचा धागा बऱ्याच देशांत आधी सुटला. सिंगापूरने १९९७ साली, ब्रिटनने १९९९ साली आणि अमेरिकेने नोव्हेंबर २००३ मध्ये मोबाइल ग्राहकाला आपला नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा दिली. पण नंबर नेता आला तरी फोन नेता येत नसेल तर त्या मुभेचा अर्धाच उपयोग होतो. नव्या कंपनीत जाताना नव्या फोनचा खर्च येतो आणि त्या फोनबरोबर बहुधा नवा करारही.

अमेरिकेत फोनच्या धाग्याचा प्रश्न ज्या वाटेने गेला ती वाट विचित्र आहे. १९९८ साली तेथे डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा झाला. चित्रपट आणि संगीत ह्यांच्या नकला रोखण्यासाठी निर्मात्यांनी घातलेली तांत्रिक कुलपे तोडणे त्याने बेकायदेशीर ठरविले. फोनच्या आतील आज्ञावली हीही कॉपीराइट असलेली कृती. सबब फोनचे कुलूप काढणे म्हणजे त्या कृतीवरील संरक्षण तोडणे, असा अर्थ लावता येऊ लागला. सिम कार्ड बदलणाऱ्याच्या मनात कोणत्याही आज्ञावलीची नक्कल करण्याचा विचार नसतो, हे उघड असूनही तसे झाले. ह्या कायद्यातून दर तीन वर्षांनी अपवाद देण्याचा अधिकार लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ग्रंथपालांकडे आहे. म्हणजे फोन कोणत्या नेटवर्कवर चालवावा ह्या प्रश्नाचा निकाल तेथे ग्रंथपालांच्या हाती गेला!

ग्रंथपालांनी २००६ साली फोनसाठी अपवाद दिला आणि २०१० साली तो चालू ठेवला. ऑक्टोबर २०१२ मध्ये मात्र तो आक्रसला. २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेल्या फोनचे कुलूप कंपनीच्या संमतीवाचून काढणे बेकायदेशीर ठरले. कारणे दोन दिली गेली. एक, कुलूप नसलेले फोन बाजारात पुरेसे मिळू लागले आहेत. दुसरे, मधल्या काळातील न्यायनिर्णय पाहता फोनमधील आज्ञावलीच्या प्रतीचा ग्राहक हा मालक नसून परवानाधारक असू शकतो. ह्या दुसऱ्या कारणापाशी थोडे थांबावयास हवे. यंत्र विकत घेतले, पण ते चालविणारी आज्ञावली नुसती वापरावयास मिळाली, हा भेद एकदा मान्य केला तर मोटारीपासून ट्रॅक्टरपर्यंत अंगी संगणक असलेल्या प्रत्येक वस्तूवरील मालकी पातळ होते. फोनचे प्रकरण ह्यामुळेच फोनपुरते राहिले नाही.

लोकांची प्रतिक्रिया तीव्र झाली. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे आलेल्या अर्जावर १ लाख १४ हजारांहून अधिक सह्या पडल्या आणि ४ मार्च २०१३ रोजी त्या कार्यालयाने अर्जदारांच्या बाजूने मत दिले. त्याच वर्षी डिसेंबरात, फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या दबावाखाली, कंपन्यांच्या संघटनेने स्वेच्छेने काही नियम स्वीकारले. करार पुरा करणाऱ्यास मागणीवरून फोन मोकळा करून द्यावयाचा, प्रीपेड ग्राहकास फार तर एका वर्षानंतर, आणि अर्जावर दोन कामकाजाच्या दिवसांत कार्यवाही करावयाची, हे त्यांतील मुख्य. १ ऑगस्ट २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांनी ह्या विषयावरील स्वतंत्र कायद्यावर सही केली. त्याने २०१० चा अपवाद पुन्हा जिवंत केला आणि मालकाच्या सांगण्यावरून दुसऱ्या कोणी कुलूप काढून देण्यासही मुभा दिली, जी अगत्याची होती. कारण सामान्य ग्राहक हे काम स्वतः करीत नाही, दुकानदाराकडून करून घेतो. पण ही मुभा कायमची नव्हती. ती तीन वर्षांच्या त्याच चक्रात राहिली आणि २०१५, २०१८, २०२१ व २०२४ साली तिचे पुन्हा नूतनीकरण करावे लागले. शिवाय ग्राहकाने कुलूप काढणे हा गुन्हा नाही, एवढेच ह्या कायद्याने सांगितले. कंपनीने कुलूप घालूच नये, असे त्याने म्हटले नाही.

हाच प्रश्न त्या देशात तारेच्या टेलिफोनच्या काळात एकदा सुटलेला होता, हे पाहिल्यावर ह्या सौम्यपणाचे आश्चर्य वाटते. ए.टी. अँड टी. ह्या मक्तेदार कंपनीचा नियम असा होता की तिने न पुरविलेली कोणतीही वस्तू टेलिफोनला जोडावयाची नाही. बोलणे शेजाऱ्याच्या कानी पडू नये म्हणून बोलण्याच्या नळीवर बसविण्याची ‘हश-अ-फोन’ नावाची एक साधी कुपी होती. तिलाही कंपनीने हरकत घेतली. १९५६ साली न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. पुढे टेक्सासमधील टॉमस कार्टर ह्यांनी टेलिफोन आणि दुहेरी रेडिओ ह्यांची सांगड घालणारे ‘कार्टरफोन’ हे यंत्र काढले, आणि जून १९६८ मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने कंपनीचा तो नियमच अवैध ठरविला. नेटवर्कला इजा होत नसेल तर ग्राहकाने त्याला काय जोडावे हे ग्राहकाने ठरवावे, हे तत्त्व त्यातून स्थिर झाले आणि बाहेरच्या बनावटीची उत्तरयंत्रे, फॅक्स व मोडेम ह्यांना वाट मोकळी झाली. मोबाइल क्षेत्रालाही हेच तत्त्व लावावे, असे टिम वू ह्यांनी २००७ साली मांडले. त्याला मर्यादित यश आले: २००८ साली लिलावात विकलेल्या ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील एका भागाला, तो घेणाऱ्याने फोनला कुलूप घालू नये अशी अट जोडली गेली. तो भाग व्हेरायझनने घेतला आणि २०१९ साली, चोरी व फसवणूक ह्यांचे कारण देऊन, नव्या फोनला ६० दिवस कुलूप ठेवण्याची सवलत त्याच कमिशनकडून मिळविली.

कुलूप घालण्यालाच बंदी करण्याचे धैर्य कॅनडा आणि ब्रिटन ह्यांनी दाखविले. कॅनडाच्या नियामक मंडळाने १ डिसेंबर २०१७ पासून सर्व नवे फोन मोकळेच विकावे आणि जुने विनामूल्य मोकळे करून द्यावे, असा नियम केला. तेथे कुलूप काढून देण्याच्या शुल्कापोटी कंपन्यांना २०१६ साली ३ कोटी ७७ लाख डॉलर मिळाले होते. वसुलीचे साधन म्हणून घातलेले कुलूप स्वतःच उत्पन्नाचे साधन बनले होते. ब्रिटनमध्ये ऑफकॉमने डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोनांची विक्री बंद केली. तेथे शुल्क साधारण १० पौंड, म्हणजे फार नव्हे. तरी कंपनी न बदलण्याचे ठरविलेल्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक लोकांनी कुलुपाचा हा अडथळा आपल्याला नाउमेद करणारा ठरला, असे सांगितल्याचे ऑफकॉमने नमूद केले आहे. बदलाचा खर्च पैशातच मोजावा ही सवय ह्यावरून सोडावी लागते. संकेतांकासाठी थांबणे, तो न चालणे, मधेच फोन बंद पडण्याची धास्ती, हेही त्या खर्चाचेच भाग आहेत. त्या वेळी ब्रिटनमधील काही मोठ्या कंपन्या मोकळेच फोन विकीत होत्या आणि त्यांची वसुली त्यामुळे बुडाल्याचे दिसले नाही.

भारताची स्थिती मुळातच वेगळी राहिली. १९९५ साली येथे मोबाइल सेवा सुरू झाली ती जी.एस.एम. पद्धतीची. फोन एका दुकानातून आणि सिम कार्ड दुसऱ्याकडून घेण्याची रीत पडली, ग्राहक बहुसंख्येने प्रीपेड, आणि पुढे दोन सिमांचे फोन घरोघरी झाले. करार आणि फोन हे दोन्ही धागे अशा रीतीने प्रथमपासून सैल होते. ताणलेला होता तो नंबराचा. तो नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर सुटला, पण मंडळाच्या सीमेपर्यंतच. दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई हे एक मंडळ आणि गोव्यासह उर्वरित महाराष्ट्र हे दुसरे. त्यामुळे मुंबईहून पुण्यास बदली होऊन आलेल्या माणसाला राज्य न सोडताही आपला नंबर पुण्यातल्या कंपनीकडे नेता येत नसे. ही अडचण ३ जुलै २०१५ रोजी दूर झाली.

कुलुपाचे प्रयोग येथेही झाले, आणि वसुलीच्या युक्तिवादाची परीक्षा त्यांत अधिक चांगली होते. नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या रिलायन्स इन्फोकॉमने जुलै २००३ मध्ये अवघे ५०१ रुपये आरंभी घेऊन सी.डी.एम.ए. पद्धतीचा फोन हाती देण्याची योजना काढली. ह्या फोनांत सिम कार्डच नव्हते. ग्राहकाची ओळख यंत्रातच होती, म्हणजे कुलुपाहूनही पक्के बंधन. तरीही पुष्कळ ग्राहकांनी बिले थकविली. फोन दुसरीकडे चालत नाही म्हणून ग्राहक पैसे भरील हा हिशेब चुकला. कारण ज्याने ५०१ रुपयेच दिले आहेत त्याला तो फोन निरुपयोगी झाल्याचे दुःख तेवढ्याच रकमेचे. वसुलीसाठी ग्राहकाची पत पाहावी लागते, तिची जागा बंधन घेत नाही. उलट प्रकार ऑगस्ट २००८ मध्ये दिसला. एअरटेल आणि व्होडाफोन ह्यांनी आयफोनचे नवे रूप येथे ३१,००० रुपयांना आणले. अमेरिकेत तोच फोन करारासह १९९ डॉलरना मिळत होता. भारतीय ग्राहकाने जवळजवळ पूर्ण किंमत मोजली, वसूल करावयाचे असे काही उरले नव्हते. कुलूप मात्र होते.

२०१७ साली आलेल्या जिओफोनचे उदाहरण ह्या दोहोंच्या मधले आहे. १,५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी फोन परत केल्यास ती परत, आणि फोन फक्त जिओच्याच सिमवर चालणारा. ‘प्रभावी किंमत शून्य’ अशी त्याची जाहिरात झाली. ज्यांच्या हाती इंटरनेट प्रथमच आले असे असंख्य लोक त्याचे ग्राहक होते, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. हा व्यवहार विक्रीपेक्षा भाड्याला जवळचा आहे, आणि भाड्याच्या वस्तूवर मालकाची अट असणे अस्वाभाविक नाही. मात्र ग्राहकाला योजनेने दोनच वाटा ठेवल्या होत्या: फोन परत देऊन अनामत घ्यावयाची, किंवा फोन ठेवून जिओतच राहावयाचे. अनामत सोडून फोन आपला करावा आणि त्यात दुसऱ्या कंपनीचे सिम घालावे, ही तिसरी वाट तीत नव्हती.